एका कणाचं पातं

हा जस्त चढवलेला पत्रा. उन्हात जरा तिरका धरला की वेड्यावाकड्या, चकाकत्या तुकड्यांची नक्षी दिसते. ती कुणी काढलेली नाही. वितळलेलं जस्त थंड होताना जागोजागी स्फटिक धरले, वाढत गेले आणि एकमेकांना भिडले तिथे थांबले. नक्षीतला एकेक तुकडा म्हणजे धातूचा एकेक कण, ग्रेन.

पोलादातही असेच कण असतात. पुष्कळदा ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे, म्हणून नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. पण पोलाद किती ताण सोसेल, याचा बराचसा निकाल तिथेच लागतो.

धातू वाकतो तेव्हा अणूंचा अख्खा थर एकदम सरकत नाही. जड सतरंजी ओढवत नसली, की आपण तिला एक सुरकुती पाडतो आणि ती लोटत नेतो. अणूंच्या रांगांतही अशीच सुरकुती पुढे सरकते. तिला म्हणतात डिसलोकेशन. कणाची हद्द आली की ती अडते, कारण पलीकडे रांगांची दिशाच वेगळी. मागून येणाऱ्याही तिथेच तुंबतात. कण लहान असला, तर तुंबायला जागा थोडी, म्हणून तुंबलेल्यांचा पलीकडे बसणारा रेटाही कमी. मग पलीकडच्या कणाला हलवायला बाहेरून जास्त जोर लागतो. इंग्लंडमध्ये १९५१ साली हॉल आणि १९५३ साली पेच यांनी याचं गणित मांडलं: कणाचा व्यास एक चतुर्थांश केला, तर हद्दींमुळे मिळणारी ताकद दुप्पट होते.

धातू मजबूत करायचे इतर उपाय बहुधा त्याचा चिवटपणा घेऊन जातात. बारीक कणांचं पोलाद मात्र मजबूतही होतं आणि कडाक्याच्या थंडीत सहसा तडकतही नाही. या सगळ्या विषयात मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

जेट इंजिनात मात्र हीच हद्द घात करते. टर्बाइनच्या पात्यावर येणारा वायू पात्याच्या वितळणबिंदूपेक्षाही तप्त असतो. आत खेळवलेल्या हवेमुळे पातं वितळत नाही; पण त्या उष्णतेत हद्दी सैल पडतात, कण एकमेकांवरून घसरतात आणि पातं हळूहळू लांबतं. म्हणून तिथे हद्दच ठेवत नाहीत. साच्याच्या तळाशी मळसूत्रासारखी अरुंद वाट असते. खालून अनेक कण वाढत निघतात, वळणांतून एकच वर पोचतो आणि अख्खं पातं त्या एकाच कणाचं बनतं.

हैदराबादच्या डीएमआरएल या संरक्षण खात्याच्या धातुसंशोधन प्रयोगशाळेने हे तंत्र साधलं. २०२१ मध्ये अशी ६० पाती हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी हिंदुस्तान एरोनॉटिक्सला दिल्याचं जाहीर झालं.

ओतलेल्या पात्यावर आम्ल फिरवून ते तपासतात. पत्र्यावर दिसली तशी एखादी हद्द उमटली, भलता कण सापडला, की ते पातं बाद.