परीक्षेत न येणारं विज्ञान

नमस्कार श्रोतेहो.

पावसाळ्यात बातम्यांमध्ये एक वाक्य हमखास कानावर पडतं. 'आज समुद्रात साडेचार मीटर उंचीच्या लाटा उसळणार.' आपण ठाण्या-वाशीची माणसं ते ऐकतो, छत्री उचलतो आणि गाडी पकडायला धावतो. साडेचार मीटर म्हणजे जवळजवळ दीड मजला! तेवढी लाट खरंच आली, तर किनाऱ्यावर माइक धरून उभ्या असलेल्या बातमीदाराचं काही खरं नाही. पण तो आकडा लाटेचा नसतोच. तो असतो भरतीच्या पाण्याच्या पातळीचा, आणि ती पातळी मोजतात सागरी नकाशासाठी ठरवलेल्या एका तळरेषेपासून. ही रेषा साधारणपणे अगदी खालच्या ओहोटीच्या आसपास धरलेली असते. लाटांचं गणित वेगळं, ते वाऱ्याच्या हातात.

हा खुलासा मला शाळेच्या पुस्तकात कधी भेटला नाही. तो भेटला एका विज्ञान मासिकात, आणि आज मला बोलायचं आहे ते अशाच मासिकांविषयी. म्हणजे शास्त्रज्ञांनी शास्त्रज्ञांसाठी काढलेल्या पत्रिका नव्हेत, तर तुमच्या-माझ्यासारख्यांनी लोकलमध्ये, दुपारच्या जेवणानंतर किंवा दवाखान्यात नंबर येईपर्यंत वाचावीत अशी मासिकं.

कुणी म्हणेल, हातात फोन असताना मासिक कशाला? फोनला विचारलं, आज भरती किती वाजता, तर तो मिनिटासकट सांगतो. पण भरती रोज पुढे का सरकते, हे विचारायचं आधी सुचायला हवं ना! ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या जुन्या माणसांना हे पुढे सरकणं तोंडपाठ. त्यांचा हिशेब सोपा आहे. आजची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमारास भरती, अष्टमी असेल तर सहाच्या. पौर्णिमा झाली की प्रतिपदेपासून पुन्हा मोजायचं. खाडीत आतवर पाणी पोहोचायला थोडा जास्त वेळ लागतो, तेवढं धरून चालायचं.

आता चांगला लेखक काय करतो, बघा. तो हा कोळी हिशेब 'आपल्या पूर्वजांचं अगाध ज्ञान' म्हणून डोक्यावर घेऊन नाचत नाही, आणि अडाणी म्हणून बाजूलाही सारत नाही. तो त्याच्या मागचं कारण उलगडतो. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करते तोवर चंद्र आपल्या वाटेवर थोडा पुढे गेलेला असतो. त्याला पुन्हा गाठायला पृथ्वीला सुमारे पन्नास मिनिटं जास्त फिरावं लागतं, म्हणून भरती रोज तितकी उशिरा. पाऊण तास हा त्याचाच तोंडी करता येणारा अंदाज! अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात तेव्हा उधाण, म्हणजे मोठी भरती; अष्टमीच्या सुमाराला ते काटकोनात येतात तेव्हा भांग, म्हणजे बेताची भरती.

मग तोच लेख वाचकाला खाडीपलीकडे नवी मुंबईत घेऊन जातो. हे शहर वसवणाऱ्या सिडकोची स्थापना 1970 सालची. खाडीलगतच्या सखल जमिनीवर भराव घालून शहर वसवायचं, तर उधाणाच्या वेळी कोसळणाऱ्या पावसाचं पाणी जाणार कुठे? म्हणून धारण तलाव बांधले. ओहोटीला त्यातलं पाणी खाडीत उतरतं. भरती चढू लागली की खाडीच्याच पाण्याच्या दाबानं झडपा मिटतात आणि पावसाचं पाणी तलावात थांबून राहतं. वाशीत किंवा बेलापूरला अशा तलावाकाठी रोज फिरायला जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल? गाळ भरला किंवा झडप अडकली की रस्त्यावर गुडघाभर पाणी का येतं, तेही मग कुणी वेगळं सांगायला नको. नगरसेवकाला प्रश्न विचारायचा, तर तो नेमका कुठला, हेही कळतं.

विज्ञान मासिकाची मला ओढ आहे ती यासाठी. 'काय' सांगणारे पुष्कळ आहेत. 'कशावरून' हे सांगायला मात्र चार पानं लागतात आणि ती चार पानं द्यायला मासिकच तयार असतं.

मराठीत ही परंपरा जुनी आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी 1840 साली 'दिग्दर्शन' मासिक काढलं, तेव्हा त्यात भूगोल-इतिहासाच्या जोडीला शास्त्रीय विषयही होते. 'सृष्टिज्ञान' हे मासिक पुण्यात 1928 साली सुरू झालं. मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली 1966 मध्ये. तिच्या विज्ञानकथा स्पर्धेत 1974 साली कुणा नारायण विनायक जगताप यांची कथा आली आणि पहिली ठरली. हे जगताप म्हणजे जयंत नारळीकर! आपलं नाव पाहून परीक्षक दबू नयेत म्हणून त्यांनी आद्याक्षरं उलटी करून टोपणनाव घेतलं होतं. मला या गोष्टीत बक्षिसापेक्षा ती दक्षता जास्त आवडते. मोजणाऱ्याचा कल मोजमापात शिरू नये, ही प्रयोगशाळेतली सवय त्यांनी साहित्यातही पाळली.

चांगलं मासिक कधी कधी आपला हिरमोडही करतं, आणि तो करून घ्यावा. कोकणात विजयदुर्गावर 'साहेबाचे ओटे' दाखवतात. 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकयर या इंग्रज शास्त्रज्ञांनी तिथे उभं राहून हेलियम शोधला, असं अभिमानानं सांगतात. 18 ऑगस्ट 1868 चं ग्रहण खरं. त्यासाठी युरोपातले निरीक्षक आपल्याकडे आले होते, हेही खरं. जान्सेन हे फ्रेंच शास्त्रज्ञ गुंटूरला होते. पण लॉकयर त्या वर्षी इंग्लंडातच होते. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट त्यांनी ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, तिथूनच घेतला. भारतात ते आले 1871 च्या ग्रहणाला, आणि तेही केरळात. हेलियम पृथ्वीवर सापडायला 1895 साल उजाडलं. ऐकताना थोडं लागतं, नाही? पण मला खरी हकिगत जास्त रंगतदार वाटते. सूर्याच्या त्या वर्णपटात पिवळ्या रंगाची एक रेघ दिसते, ती सोडियमच्या जागेवर बसत नाही, आणि सव्वीस-सत्तावीस वर्षं ती रेघ कुणाची, याचा वाद चालतो.

मात्र सगळीच मासिकं अशी नसतात. काही अंक नुसते 'अबब' म्हणत राहतात. उद्गारचिन्हांची रांग, चकचकीत चित्रं, 'तुम्हांला ठाऊक आहे का' अशा चौकटी. काही अंकांतला शास्त्रज्ञ जन्मापासून थोर असतो आणि त्याचा एकही प्रयोग फसत नाही. असे अंक मी सरळ रद्दीत घालतो. जिथे एखादा लेखक 'इथवर कळलं आहे, पुढचं अजून नाही' असं लिहितो, तिथे वर्गणी भरायला हरकत नाही.

वर्गणी नको असेल तर वाचनालय आहेच. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासूनचं. वाचनालयात गेलात की विज्ञान मासिकाचा एखादा अंक मागा आणि तो मागून उघडा. वाचकांच्या शंका बहुधा तिथे छापलेल्या असतात, आणि अंकातली सगळ्यात जिवंत पानं तीच. कुणी विचारतं, ठाण्याच्या खाडीतले रोहित पक्षी गुलाबी, तर त्यांची पिल्लं करडी का? कारण रंग येतो शेवाळ आणि त्यावर जगणाऱ्या बारीक जिवांमधून, तो अंगात भिनायला काही वर्षं जातात. खाडीत शेवाळ माजतं त्यात आपल्या सांडपाण्याचाही हात आहे, असं अभ्यासक मानतात, आणि मग प्रश्न बराच अवघड होत जातो.

दुसरा कुणी विचारतो, मे महिन्याच्या मध्यावर ठाण्यात भरदुपारी सावली नाहीशी होते म्हणतात, मी तर बाराच्या ठोक्याला गच्चीवर उभा होतो, सावली होतीच! असणारच. आपली घड्याळं साडेब्याऐंशी अंश रेखांशावर चालतात आणि ठाणं आहे त्र्याहत्तरच्या जवळपास. सूर्य डोक्यावर यायला इथे साडेबारा उलटून जावे लागतात. येत्या 16 मेच्या सुमाराला एक सरळ बाटली घेऊन गच्चीवर जा आणि साडेबारा ते पावणेएक तिच्यावर नजर ठेवा. जुलैअखेरीस हा योग पुन्हा येतो, पण तेव्हा आपल्याकडे ढग असतात.

नमस्कार.