झबलं वर करून बघा

[ग्वाल्हेरचा लष्कर भाग. जानेवारीची सकाळ, गल्लीभर धुकं.]

ग्वाल्हेरच्या थंडीत तान्ह्या बाळाचं नाक तेवढं दिसतं. बंडी, झबलं, स्वेटर, कानटोपडं, वरून दुलई. या घरातलं बाळ पाच महिन्यांचं. तीन दिवस सर्दी आहे, काल रात्रीपासून छातीत घरघर वाजतेय. आजी सुनेला म्हणतात, "अगं, पसली चालतेय त्याची."

'पसली' म्हणजे बरगडी, हिंदीतून आली आणि इथल्या मराठी घरांत मुरली. शब्द अगदी नेमका आहे. फक्त पसली ऐकायची नसते, बघायची असते.

[झबलं वर होतं. उघडं पोट, जवळून.]

थोडा वेळ इथेच बघत राहू या. श्वास आत घेताना छाती फुगायला हवी. इथे बरगड्यांच्या खालच्या कडेला खळगा पडतोय. दर श्वासाला पडतोय.

आजाराचं नाव ब्राँकिओलायटिस. फुप्फुसातल्या सगळ्यात बारीक नळ्या सुजतात, चिकट स्रावानं भरतात. बहुतेकदा आरएसव्ही नावाचा विषाणू असतो. मोठ्यांना तो साधी सर्दी देऊन जातो. बाळाच्या नळ्या मुळातच इतक्या अरुंद, की थोडी सूजही त्याला भारी पडते.

घरघरीचा आवाज घाबरवतो, पण आजार किती गंभीर हे तो सांगत नाही. थकलेल्या बाळाच्या छातीत हवाच कमी जाते आणि आवाज उलट मंदावतो. 'आता शांत झोपलंय' असं म्हणण्याआधी दुलई बाजूला करा.

[घड्याळाचा सेकंदकाटा.]

श्वास मोजायचे पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारानं गुणू नका, बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. रडताना, पिताना मोजू नका. दोन महिन्यांखालच्या बाळात 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद. आई मोजतेय. 58.

दुसरी खूण दुधाची. दोन घोट घेऊन बाळ तोंड सोडतं, कारण दूध ओढणं आणि श्वास घेणं एका वेळी त्याला जमत नाही. नेहमीच्या निम्मंच पिणं, बारा तास लंगोट कोरडा, ही दवाखान्याची वेळ. श्वास सोडताना कण्हणं, श्वासागणिक मान हलणं, ओठ-जीभ निळसर, मध्येच श्वास थांबणं, हाक मारूनही न जागणं: यांतलं एक जरी दिसलं तरी ताबडतोब निघा. अपुऱ्या दिवसांचं, तीन महिन्यांखालचं किंवा हृदयदोष असलेलं बाळ असेल तर या खुणांचीही वाट पाहू नका. तिसरा ते पाचवा दिवस सगळ्यात कठीण असतो, सकाळी बरं वाटलेलं बाळ रात्री पुन्हा तपासायलाच हवं.

आजी खोलीतली सिगडी अंगणात नेऊन ठेवतात. बरं केलं. तो धूर बाळासाठी विष आहे.

[दवाखाना. पायाच्या बोटाला पल्स ऑक्सिमीटर.]

रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा 90 टक्क्यांच्या खाली गेला तर ऑक्सिजन लागतो. नाक साफ करणं, गरज पडली तर नळीनं दूध किंवा सलाईन. मुख्य उपचार हाच. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, म्हणून ते मागू नका.

आईच्या हातात कॅलेंडरचा फाडलेला कोपरा आहे: श्वास 58, दूध निम्मं, रात्रीपासून ओले लंगोट दोन. डॉक्टर आधी तो वाचतात. मग झबलं वर करतात.