पिस्तूल गुलाबी का नको?

अध्यक्षमहाराज आणि मंडळी,

पत्रिकेत विषय छापलाय ‘खेळण्यातली शस्त्रे व सार्वजनिक सुरक्षितता’. एवढा भारदस्त विषय मी दिला नव्हता, हे कार्यवाहांचं काम. मी फोनवर एवढंच म्हणालो होतो, की टिकल्यांच्या पिस्तुलांचा काळा रंग बंद व्हायला हवा आणि त्यावर मला बोलायचंय. पाऊण तास मिळाला होता. त्यातला बराचसा सत्कारात गेला. नारळ मात्र चांगला आहे, पाणी वाजतंय.

नाशकात पिस्तूल म्हटलं की आपल्याला एकच आठवतं. २१ डिसेंबर १९०९, विजयानंद थिएटर, नाटकाला आलेले कलेक्टर जॅक्सन आणि अनंत कान्हेरेंच्या हातातलं ब्राउनिंग. त्यात मी आज शिरत नाही. एकदा शिरलो की बाहेर येत नाही, हे पहिल्या रांगेतल्या आमच्या सौभाग्यवतींना ठाऊक आहे. आज बोलायचं ते ज्यातून काहीच सुटत नाही त्या पिस्तुलाबद्दल. फार तर धूर आणि तो वास. वासाला कुणी नाक मुरडू नका, तुम्हीही लहानपणी टिकल्या दगडानं ठेचून हुंगलेल्या आहेत.

मी बँकेत कॅशियर होतो. कुठल्या बँकेत ते सांगत नाही, पेन्शन तिथूनच येते. दिवाळीच्या तोंडावर शाखेत ही गर्दी! बोनस, उचल, नव्या कोऱ्या नोटांसाठी ओळखी काढणं. खिडकीशी एक द्राक्षबागायतदार आले, आमचे नेहमीचे खातेदार. पासबुक सापडेना. मग त्यांनी कापडी पिशवीच कौंटरवर उपडी केली. उटण्याची पाकिटं निघाली, करदोटे निघाले, पणत्या निघाल्या, आणि पणत्यांच्या वर येऊन बसलं एक काळंकुळकुळीत पिस्तूल. नळी माझ्याकडे.

पायापाशी सायरनचं बटण असतं. ते दाबायचं शिक्षण आम्हाला दिलेलं होतं, मी दाबलं. आता गंमत बघा. सायरन ऐकून त्या भल्या माणसाला वाटलं, आग लागली. आग लागल्यावर शेतकरी काय करील? आपलं सामान गोळा करील. त्यांनी उटणं पिशवीत कोंबलं, पिस्तूल हातात घेतलं आणि दाराकडे वळले. दारात आमचे गार्ड. माजी सैनिक, सगळे त्यांना सुभेदार म्हणत. एरवी त्यांच्या बारा बोअरच्या दुनळीवर आम्ही ओला रुमाल वाळत घालायचो. त्या दिवशी ती खांद्याला लागलेली मी प्रथमच पाहिली. सुभेदार ओरडतायत, “फेको नीचे!” सायरनमध्ये यांना काही ऐकू येत नाही, हे पिस्तूल हलवत विचारतायत, “काय झालं हो? काय झालं?”

रांगेत एक बाई होत्या, मेनरोडवरून खरेदी करून आलेल्या. त्या तारस्वरात ओरडल्या, “अहो, त्याला किंमत चिकटवलीय!” आणि खरंच, मुठीवर पांढरा कागद होता, त्यावर बॉलपेननं पस्तीस रुपये. पस्तीस रुपयांच्या त्या चिठ्ठीनं एक माणूस वाचवला.

नंतर चहा पिताना सुभेदार मला हळूच म्हणाले, “साहेब, बोट चापावर होतं.” आणि वरून मला काय मिळालं? मेमो! ‘कामकाजाच्या वेळेत विनाकारण सायरन वाजवल्याबद्दल लेखी खुलासा सादर करावा.’ विनाकारण! मी तीन पानी खुलासा लिहिला, सोबत पिस्तुलाचं चित्र काढून जोडलं. बाजूनं दिसतं तसं आणि समोरून दिसतं तसं, दोन्ही. त्यावर शेरा आला, ‘चित्राची आवश्यकता नव्हती.’ माझं म्हणणं आजही तेच आहे, की चित्राचीच आवश्यकता होती! सगळा प्रश्न दिसण्याचा आहे. हा मेमो मी...

घंटा झाली का? पहिली ना? बरं. मग मेमो राहू द्या, मुद्द्यावर येतो.

आपल्या नाशिकरोडला नोटा छापतात. घरटी कुणीतरी प्रेसमध्ये कामाला असतं. नोटेसारखा दिसणारा कागद नुसता छापला, तो खपवला नाही, तरी भारतीय न्याय संहितेच्या १८२व्या कलमाखाली तो गुन्हा आहे. दंड तीनशे रुपये, पण गुन्हा म्हणजे गुन्हा. म्हणजे सारखं दिसण्यात धोका असतो, हे आपला कायदा जाणतो. पिस्तुलाचं काय? १९५९च्या शस्त्र अधिनियमाचं सहावं कलम बघा. गोळी सुटो न सुटो, बंदुकीसारखं दिसतं ते नकली अग्निशस्त्र, अशी व्याख्या तिथे आहे. पण कलम कशासाठी, तर अशा नकलीची खरी बंदूक बनवायला परवाना लागतो म्हणून. मेनरोडवरच्या काळ्या पिस्तुलाला त्या कलमाची झळ नाही. २०२१पासून खेळण्यांना आयएसआय शिक्का सक्तीचा झाला, चांगलं झालं. कडा धारदार नकोत, रंगात विष नको. खेळणं पोराला बाधत नाही, याची ती खात्री. समोरच्या सुभेदाराचं काय?

अमेरिकेनं १९८८मध्ये कायदा केला, नळीच्या टोकाला नारिंगी बूच. बूच निघतं! २०१४च्या नोव्हेंबरात क्लीव्हलंडला टमीर राईस नावाचा बारा वर्षांचा मुलगा बागेत खेळण्यातलं पिस्तूल घेऊन फिरत होता, नारिंगी टोक निघालेलं. फोन करणाऱ्यानं सांगितलं होतं, बहुधा खोटं असावं. ते पोलिसांपर्यंत पोचलंच नाही. गाडी थांबल्यापासून दोन सेकंदांत गोळी. म्हणून टोक पुरत नाही. इंग्लंडनं २००७पासून अख्खं अंगच रंगवायला लावलं. लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, गुलाबी, जांभळा, निळा, सगळे भडक, नाहीतर पारदर्शक. किंवा मग आकार इतका छोटा, की उंची ३८ आणि लांबी ७० मिलिमीटरच्या आत. नाटक-सिनेमाला सूट.

दुसरी घंटा, ऐकली. लुटारू खरं पिस्तूल गुलाबी रंगवतील, असा आक्षेप नेहमी येतो. रंगवू देत. लुटारूंना सुधारायला हा कायदा नाहीच. खोट्या पिस्तुलानं लुटलं तरी जिवाची भीती घातली की जबरी चोरी होतेच. मला काळजी आहे ती पिशवी उपडी करणाऱ्याची. रंगपंचमीला रहाडीपाशी, म्हणजे आपल्या रंगाच्या जुन्या हौदापाशी, एके-४७च्या आकाराच्या पिचकाऱ्या घेऊन पोरं फिरतात, पण त्या पोपटी असतात, कुणी दचकत नाही. रीलसाठी कमरेला काळं खेळणं खोचणाऱ्यांची तर गोष्टच वेगळी, त्यांना पकडून ‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला’ म्हणायला शिकवणारे आपले पोलीस समर्थ आहेत. पण सिंहस्थाच्या गर्दीत, हातात बंदूक घेऊन उभ्या असलेल्या, दोन रात्री न झोपलेल्या शिपायानं खोटं काय आणि खरं काय हे कसं ओळखावं?

मागणी एकच. खेळण्यातलं पिस्तूल विकायचं तर पूर्ण भडक रंगाचं. कायदा दिल्लीला होईल तेव्हा होईल. तोवर महापालिकेनं फटाक्यांचे गाळे देताना तेवढी अट घालावी. त्या अर्थाचं निवेदन दाराशी टेबलावर आहे, जाताना सही करा. पेन दोरीनं बांधलेलं आहे. मी बँकेतला माणूस.