रामटंक्याचं पाण्यातलं वजन

मंडळी, देव्हाऱ्यातल्या डबीतून जुना रामटंका, म्हणजे देवमूर्ती असलेलं नाण्यासारखं पूजेचं टोकन, निघाला की पहिली नजर सालावर जाते. ती आधी तिथून काढा. एका बाजूला रामदरबार किंवा मारुती, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत ‘ईस्ट इंडिया कंपनी, हाफ आणा, 1818’: हे कंपनीचं नाणं नव्हे. मद्रासकडच्या सोन्याच्या होनांवर देवमूर्ती होत्या, हे खरं; पण कंपनीच्या आण्यांवर रामदरबार कधीच नव्हता. काहींवर तर 1616 असतं. त्या वेळी कंपनीची सुरतेची वखार नुकतीच उभी राहत होती, ती आणे कुठून पाडणार? खऱ्या पूजेच्या रामटंक्यांवरचं 1740 देखील टाकसाळीचं साल धरू नका.

मग धातू पाहायचा. 0.01 ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा लागतो. आधी टोकन कोरडं तोला. नंतर काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा आणि टोकन बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा. ते तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. आता दिसणारा आकडा म्हणजे बाजूला सरलेल्या पाण्याचं वजन, म्हणजे जवळपास टोकनाचं घनफळ. कोरड्या वजनाला त्याने भागा. 11.60 ग्रॅमचं टोकन पाण्यात 1.12 दाखवत असेल तर घनता 10.36 येते, म्हणजे चांगल्या कसाच्या चांदीच्या आसपास. 1.36 दाखवलं तर 8.5: पितळ किंवा जर्मन सिल्व्हर. या दुसऱ्या धातूत चांदी फक्त नावातच असते. तो तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू आहे. शुद्ध चांदी 10.49, तांबं 8.96, शिसं 11.34.

चूक बहुतेक बुडबुड्यांनी होते. अक्षरांच्या खाचांत हवा अडकली की घनफळ जास्त दिसतं आणि चांदीही हलकी ठरते. पाणी उकळून गार केलेलं घ्या, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका. टोकन दोन ग्रॅमचं असेल तर काट्याची 0.01 ची चूकही पाच टक्क्यांवर जाते. अशा वेळी पाच-सहा वाचनांची सरासरी घ्या, तरीही छातीठोक बोलू नका.

आणि 10.3 आली म्हणून चांदी सिद्ध होत नाही. तांब्यात शिसं बेतानं मिसळलं तरी हाच आकडा जुळवता येतो. म्हणून जोडीला निओडिमियम हा खूप ताकदीचा चुंबक लागतो. चुंबक चांदीला चिकटत नाही, पण तिरप्या धरलेल्या चांदीवरून तो रेंगाळत घसरतो. तांब्यावरही रेंगाळतो, पितळावर बराच कमी. सराफाकडचं एक्स-रे यंत्र फक्त वरचा पातळ थर वाचतं. मुलामा जाड असला तर ते मुलाम्याचाच कस सांगतं. मारुतीचं नाक, रामाचा गुडघा, कडा अशा झिजलेल्या जागी वाचन घ्यायला सांगा. तिथे पिवळी किंवा तांबूस झाक डोळ्यांनाही दिसते. कसोटीच्या दगडावर घासू नका, ओरखडा कायमचा राहतो.

दुर्मिळतेचा धातूशी संबंध थोडाच. दोन टोकनांवर एकाच जागी तोच खड्डा, तीच चीर दिसली, तर दोन्ही एकाच नमुन्यावरून ओतलेली असण्याचा संशय घ्या. मग कडेवर कानशीचे घाव आणि साच्याची शिवण शोधा. लिलावांच्या जुन्या याद्यांत वजन, व्यास आणि छाप तिन्ही जुळणारे किती नमुने येऊन गेले ते मोजा. ‘कुणाकडे पाहिलं नाही’ हा दुर्मिळतेचा पुरावा नव्हे. आणि टोकन तांदूळ ओढतं म्हणून लाखोंची बोली कुणी लावत असेल तर तांदूळ तपासा: त्यात लोखंडाचा कीस असतो.

चिंच, पितांबरी, टूथपेस्ट काहीही लावू नका. तेलकट मळ असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये काही मिनिटं बुडवा, तेही खिडकी उघडी ठेवून आणि देव्हाऱ्यातली समई विझलेली असताना.