बळीचे म्हणणे: रेने जिरार वाचताना

रेने जिरार यांना आज धर्माचे भाष्यकार म्हणून ओळखले जात असले, तरी धर्माकडे ते कादंबरीच्या वाटेने आले, आणि त्यांचा अभ्यास करू पाहणाऱ्यानेही तीच वाट धरावी असे माझे मत आहे. १९२३ मध्ये फ्रान्समधील आव्हिन्यों येथे जन्मलेले जिरार पॅरिसमध्ये मध्ययुगीन दस्तऐवजांच्या अभ्यासाचे शिक्षण घेऊन १९४७ मध्ये अमेरिकेला गेले. तिथे कादंबऱ्या शिकवताना त्यांच्या लक्षात आले की थोर कादंबरीकारांची पात्रे इच्छा करतात ती दुसऱ्याकडे पाहून. सर्व्हांटिसच्या कादंबरीतल्या डॉन किहोतेला भटका सरदार व्हायचे असते, कारण शौर्यकथांच्या ग्रंथातला नायक आमादिस तसा होता. आमादिस पुस्तकात असल्यामुळे त्याच्याशी भांडण होण्याचा संभव नाही. पण आदर्श शेजारच्याच घरात राहत असला म्हणजे तोच प्रतिस्पर्धी ठरतो. दोस्तोयव्हस्कीच्या एका कथेतला विधुर आपल्या मृत पत्नीच्या जुन्या प्रियकरालाच आग्रहाने नव्या नियोजित वधूच्या घरी घेऊन जातो. आपली निवड योग्य आहे हे त्या माणसाच्या डोळ्यांत दिसल्याखेरीज त्याला चैन पडत नाही, आणि ते दिसले की तो कासावीस होतो.

हे विवेचन १९६१ मध्ये पुस्तकरूपाने आले. ते लिहीत असतानाच, १९५९ च्या सुमारास, जिरार कॅथलिक श्रद्धेकडे परतले. आपली इच्छा उसनी होती ही कादंबरीच्या अखेरीस नायकाला होणारी जाणीव आणि स्वतःचे हे परतणे, या दोन गोष्टी ते वेगळ्या मानत नसत.

१९७२ च्या ग्रंथात प्रश्न व्यापक झाला. सगळेच एकमेकांचे अनुकरण करू लागले तर समाज टिकतो कसा? जिरार यांचे उत्तर असे, की सर्वांचे सर्वांशी चाललेले वैर ऐन वेळी एकावर उलटते, तो मारला किंवा हाकलला जातो, अकस्मात शांतता पसरते, आणि ज्याने अरिष्ट आणले असे वाटत होते त्यालाच पुढे देवत्व मिळते. चौदाव्या शतकातील गियोम द माशो या कवीने महामारीच्या वर्णनात यहुद्यांनी पाण्यात विष कालवल्याचे लिहिले आहे. आज कोणताही वाचक ते खरे मानत नाही. मग पुराणकथा वाचताना हाच संशय का घेऊ नये, असे ते विचारतात. येथे मला एक अडचण दिसते. कथा हत्या झाकते हेच गृहीत धरले, तर पुराव्याचा अभावही पुरावा ठरू लागतो, आणि जिरार यांचे अनुयायी या फटीतून फार सहज निसटतात.

‘बळीचा बकरा’ या आपल्या शब्दाकडेही जरा पाहू. बायबलमधील लेवीय ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात बकरे दोन आहेत: एकाचा बळी जातो, आणि दुसऱ्यावर सर्वांची पापे लादून त्याला रानात सोडले जाते. मराठीतल्या या शब्दात हे दोन्ही एक झाले आहेत. जिरार यांना अभिप्रेत असलेली गोष्ट ‘खापर फोडणे’ या आपल्या वाक्प्रचारात अधिक नेमकी आहे. शिवाय खापर फोडणारा आपण खापर फोडतो आहोत असे कधीच म्हणत नाही; त्याला तो न्यायच वाटतो.

बळी निर्दोष आहे हे उघडपणे सांगितले ते शुभवर्तमानांनी, म्हणजे बायबलमधील येशूच्या चरित्रांनी, हा जिरार यांचा १९७८ मधील दावा. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पुस्तकात मात्र ते ब्राह्मणग्रंथांकडे वळले आणि यज्ञाविषयी शंका घेणारा सूर वैदिक परंपरेतही असल्याचे त्यांनी मान्य केले. मला येथे ऐतरेय ब्राह्मणातला शुनःशेप आठवतो. त्याचा बाप अजीगर्त शंभर गायी घेऊन मुलाला यज्ञात बळी देण्यासाठी विकतो, आणखी शंभर घेऊन त्याला यूपाला, म्हणजे यज्ञस्तंभाला, बांधतो, आणि आणखी शंभर मिळताच सुरा परजत पुढे येतो. मुलगा देवांची स्तुती करतो, पाश गळून पडतात. पुढे बाप त्याला परत बोलावतो, तेव्हा तो जाण्यास नकार देतो: माझ्यापेक्षा तुम्ही तीनशे गायी पसंत केल्या.