महालेखापालांचा ध्यानवर्ग

श्रोतेहो, नमस्कार.

विपश्यना ध्यान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर इगतपुरीचं केंद्र येतं. दहा दिवस मौन, पहाटे चारची घंटा, मोबाईल जमा. आणि लगेच मनात येतं, एवढी रजा मला कोण देणार?

म्हणूनच नोकरदारांना सयाजी, म्हणजे गुरुजी, ऊ बा खिन यांच्याबद्दल आवर्जून सांगावंसं वाटतं. कारकून म्हणून नोकरीला लागलेला हा माणूस १९४८ साली स्वतंत्र ब्रह्मदेशाचा पहिला महालेखापाल झाला. पुढे तर एकाच वेळी अनेक खात्यांचा भार त्यांच्यावर होता. अशा धबडग्यात त्यांनी ध्यान शिकवायला सुरुवात केली, तीही आपल्याच कचेरीत, सहकाऱ्यांना. सत्यनारायण गोएंका त्यांच्याकडे गेले १९५५ मध्ये. गोएंका व्यापारी, अर्धशिशीसाठी मॉर्फिन घ्यायची वेळ आलेली. त्यांनीच पुढे ही साधना भारतात आणली. म्हणजे इगतपुरीचं मूळ एका हिशेबाच्या कचेरीत आहे!

आता आपल्याकडचा बँकेचा काउंटर घ्या. मार्चअखेर, रांग दारापर्यंत, सर्व्हर डाऊन, आणि काचेपलीकडून कुणीतरी ओरडतंय. कॅशियरचे खांदे कानापर्यंत चढलेले, जबडा आवळलेला. संध्याकाळी कॅश टॅली झाली नाही तर भुर्दंड आपल्याच खिशाला, ही धास्ती वेगळीच. अशा वेळी डोळे मिटून बसता येत नाही, आणि त्याची गरजही नाही. पुढचं टोकन येईपर्यंत तळपाय जमिनीला टेकलेत ना, एवढं पाहा. श्वास घेतला त्यापेक्षा जरा सावकाश सोडा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, हे शरीरशास्त्र आहे. राग येतोय, हे लक्षात आलं की उत्तर देण्याआधी थोडी उसंत मिळते. रोज केलं तरच ते ऐन वेळी आठवतं.

मात्र तीन माणसांचं काम एकाच्या गळ्यात मारून वर "ध्यान करा" म्हणणाऱ्या साहेबांशी मी मुळीच सहमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामानं पार थकून जाण्याची, नोंद केली ती कामाशी निगडित स्थिती म्हणून. कामाच्या ठिकाणचा न आवरलेला, सततचा ताण हे त्याचं कारण सांगितलं. तेव्हा माणसं कमी आहेत, हे वरिष्ठांना लेखी कळवा, युनियनमध्ये मांडा. आणि झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर श्वासावर विसंबून राहू नका. टेलि-मानस ही सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन, क्रमांक १४४१६. फोन मोफत आहे, दिवसरात्र लागतो, आणि मराठीत बोलता येतं.