घरापासून देवळापर्यंत

(राजवाडा, सकाळ. झाडलेला रस्ता.)

सकाळचे साडेसहा. राजवाड्यासमोरचा रस्ता झाडून झालाय. स्वच्छतेत इंदूर वर्षानुवर्षं देशात पहिलं आलंय, हे इथलं शाळकरी पोरही सांगतं. आज मोजायचंय ते वेगळं आहे. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला इथं चालता येतं का?

(रामबाग. दोन मुली, टेप, खडू, पॅडला लावलेले फॉर्म.)

एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंत रस्त्याचा एक तुकडा. प्रत्येक तुकड्याला एक फॉर्म. पदपथ आहे का, सावली आहे का, दिवे लागतात का, दम लागला तर टेकायला जागा आहे का, दूध-भाजी-औषध पायी जाऊन मिळतं का.

टेपकडे बघा. पदपथ दोन मीटर रुंद. त्यात विजेची डीपी, तिला टेकून स्कूटर, पुढे दुकानाची पायरी. उरले साठ सेंटिमीटर. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसची 2012 ची मार्गदर्शिका म्हणते, चालायला किमान 1.8 मीटर मोकळे हवेत. फॉर्मवर साठच लिहायचे, कारण माणूस उरलेल्या जागेतूनच चालतो.

दोघींनी एकमेकींच्या फॉर्ममध्ये डोकवायचं नाही, हा पक्का नियम. गल्ली तीच, नोंद वेगवेगळी, मग ताळा. योगायोगानं जुळलेलं वजा करून खरं किती जुळलं, ते ‘कप्पा’ नावाचा आकडा सांगतो. आज सावलीवर गाडी अडली. एकीनं लिहिलं ‘आहे’, दुसरीनं ‘नाही’. एकीनं कडुनिंब पाहिला होता, दुसरीनं त्याची सावली समोरच्या भिंतीवर पडलेली. चूक दोघींचीही नव्हती, प्रश्न ढिला होता. आता फॉर्मवर लिहिलंय: ‘सावली पदपथावर पडते का? किती वाजता पाहिलं?’ आमच्या लेखी आजची खरी कमाई हीच.

नकाशाचंही तसंच. घराभोवती वर्तुळ काढलं तर देऊळ चारशे मीटरच्या आत. गल्ल्यांतून पायी गेलं की सातशे. म्हणून मोजणी रस्त्यानं करायची, वर्तुळानं नाही.

(जुना नकाशा, त्यावर फिरणारं बोट.)

इंदूरला हे नवं नाही. प्लेगच्या दिवसांत होळकर दरबारानं पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश जीवशास्त्रज्ञाला बोलावलं. त्यानं गल्ल्या पायाखाली घातल्या आणि 1918 मध्ये दोन खंडांचा अहवाल दिला. त्यानं दिवाळीची मिरवणूक काढली ती ज्या गल्ल्यांनी घरं सर्वाधिक झाडली, दुरुस्त केली, त्यांच्यातून. आधी नीट पाहा, मग हात लावा, ही त्याची रीत. आम्ही तीच धरून आहोत.

मोजलेलं एक, माणसाला वाटतं ते आणखी एक. म्हणून ओट्यावरच्या आजींनाही विचारायचं.

“आजी, संध्याकाळी देवळात जाता का?”
“जात होते गं. ती कड उतरवत नाही आता.”

पदपथाच्या कडेची उंची जास्तीत जास्त पंधरा सेंटिमीटर असावी. इथं सत्तावीस.

(निवेदन नाही. खांबाला धरलेला हात. कडेवर थबकलेला पाय.)

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं चालण्यासारखी हालचाल करायला सांगते. ती थांबली की साखर, रक्तदाब आणि पडण्याची धास्ती, सगळं मागोमाग येतं.

कडेवर खडूनं 27 लिहिलं गेलंय. फॉर्म उलटला. पुढचा तुकडा, चौकापासून देवळापर्यंत.